घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

ताई,
वयाच्या ४१ व्या वर्षी गिटार हातात घेतली, त्याला आता तीन वर्षं झाली. जवळ एक वही आहे, तिच्यात शिकायच्या गाण्यांची यादी. सध्या १४ गाणी. 'ब्लॅकबर्ड' पहिल्या अर्ध्या मिनिटापर्यंत येतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा सोलो मूळ वेगात वाजवायचं स्वप्न आहे. तारेगाच्या रचनेतला तो थरथरता ट्रेमोलोही यादीत आहे. पण एफ कॉर्ड अजून खरखरते, बहुतेक माझी बोटं आखूड आहेत म्हणून. रोज अर्धा तास मिळतो. परवा मित्र घरी आले, म्हणाले, "वाजव की काहीतरी." तेव्हा लक्षात आलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही गाणं येत नाही. यादीतलं आधी काय घेऊ? की या वयात हे सगळं जरा जास्तच होतंय?
गिटार मात्र उत्तम आहे. आणल्यापासून एकही तार तुटलेली नाही.
– अर्धवटराव

अर्धवटराव, नमस्कार.

टोपणनाव झकास घेतलंत, पण ते मला पूर्ण पटलेलं नाही. १४ गाण्यांच्या सुरुवाती ज्याला येतात त्याने मेहनत केलेली असते. फक्त ती सगळी एकाच जागी ओतलेली असते. तुम्ही रोज गिटार घेऊन बसता तेव्हा गाणं कुठून सुरू करता? पहिल्या सुरापासून, हो ना? मग विसाव्या सेकंदाला हात अडखळतो, तुम्ही 'च्' करता आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात सुरुवात चाळीसदा वाजून होते, आणि जिथे खरी गरज होती ती जागा चाळीसदा चुकून होते. हातांना बरोबर-चूक कळत नाही. जे जास्त वेळा केलं ते त्यांना पाठ होतं. तुमच्या हातांना आता अडखळणंही पाठ झालंय.

हे मी वरून सांगत नाहीये. माझी एक रचना होती, चार वर्षं मी ती 'येते' असं सगळ्यांना सांगत होते. एकदा सोबत वाजवणारीने सहज म्हटलं, "मधल्या भागापासून घेऊ या." मला मधला भाग सापडेना. पहिल्यापासून वाजवत तिथवर पोहोचल्याशिवाय माझ्या बोटांना तो भाग आठवतच नव्हता. चार वर्षं!

तेव्हा 'आधी कुठलं गाणं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. वही उघडा आणि प्रत्येक गाण्यापुढे एवढंच लिहा की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. 'अवघड आहे' असं लिहायचं नाही. कुठल्या ओळीत, कुठल्या कॉर्डवरून कुठल्या कॉर्डवर जाताना, उजव्या हाताचं चुकतं की डाव्या, ते लिहायचं. माझी पैज आहे, १४ गाण्यांत मिळून तुमच्या अडचणी चार-पाचच निघतील. त्यातल्या किमान सहा गाण्यांत एकच असेल, ती तुमची लाडकी एफ. म्हणजे तुमच्यासमोर १४ गाणी नाहीतच.

'ब्लॅकबर्ड'चंच बघा. तुम्ही अर्ध्या मिनिटावर अडकता म्हणता, पण मला शंका आहे की त्याच्या आधीच काहीतरी निसटतंय. त्या गाण्यात डाव्या हाताला भरगच्च कॉर्ड कुठे नाहीत. बहुतेक ठिकाणी एक बोट पाचव्या तारेवर, एक दुसऱ्या तारेवर, आणि मधली तिसरी तार मोकळी, सतत वाजत राहणारी. अवघड आहे ती उडी: दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवरून (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या घरावरून) हात एकदम दहाव्या-बाराव्या फ्रेटवर जातो. ही उडी मारताना आपण नजर ठेवतो ज्या फ्रेटवरून निघालो तिथे, आणि हात जातो अंदाजाने. नजर आधी जाऊ द्या, बाराव्या फ्रेटच्या दोन ठिपक्यांवर. मग हात. उजव्या हाताने काहीही न वाजवता नुसती ही उडी दिवसातून वीस वेळा मारा. दुसरी भानगड मात्रांची. हे गाणं चारच्या ठेक्यात सरळ चालत नाही, मध्येच तीनची आणि दोनची मापं येतात. मूळ ध्वनिमुद्रणात पायाचा ठेका स्पष्ट ऐकू येतो. गिटार खाली ठेवून त्या ठेक्यावर नुसती टाळी द्या. टाळी चुकत असेल तर बोटांना दोष देऊ नका.

एक गंमत सांगते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी स्वतः सांगितलंय की १९६८ चं हे गाणं संगीतकार बाखच्या एका 'बूरे'वरून सुचलं. ई मायनरमधली ती छोटी नृत्यरचना तो आणि जॉर्ज हॅरिसन पोरवयात मिरवण्यासाठी वाजवायचे, आणि तीही धड बरोबर नव्हे. थोडक्यात, तुमच्या वहीतलं सर्वांत मानाचं गाणं दोन पोरांच्या अर्धवट पाठांतरातून आलेलं आहे. नावाचा मान राखलात.

आता एफ. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गिटार सोडून देणारे बरेच लोक मी याच वळणावर हरवलेले पाहिलेत.

पहिल्यांदा, बोटं आखूड असल्याचं मनातून काढा. एफ अवघड वाटते त्याचं मोठं कारण ती जिथे आहे ती जागा. साधारण ६५ सेंटिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी असते सुमारे ३६ मिलिमीटर आणि पाचव्याची सुमारे २९. शिवाय पहिल्या फ्रेटशेजारीच नट, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, असतो, त्यामुळे तार तिथे सर्वांत ताठ लागते. म्हणजे सगळ्यांना पहिली बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची) म्हणून शिकवतात ती नेमकी गिटारवरच्या सर्वांत गैरसोयीच्या जागी. हा क्रम कुणी ठरवला देव जाणे. तुम्ही तो उलटा करा. हाताचा तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. ती ए होते. तिथे स्वच्छ वाजली की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर. तिसऱ्यावर ती जी होते. असं एकेक फ्रेट खाली सरकत पहिल्यावर या. घाई नको, एका फ्रेटवर आठवडा गेला तरी जाऊ द्या.

दुसरं, पहिल्या बोटाने सहाही तारा जिवाच्या आकांताने दाबू नका. या आकारात पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं सांभाळतातच. पहिल्या बोटाला खरं काम आहे सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेचं. ते बोट सपाट ठेवलंत की पेरांच्या खोलगट जागा नेमक्या तारेवर येतात आणि तार खरखरते. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, हाडाची कड लागू द्या, आणि फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून ठेवा. तरी एखादी तार मुकी राहिली तर बोट एखाद-दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बघा. बहुतेक वेळा जोर कमी नसतो, पेर चुकीच्या जागी असतं. जोर लागतोच तो अंगठ्याने चिमटा काढून आणू नका. कोपर अंगाजवळ घ्या आणि हाताच्या वजनाने गिटारची मान किंचित मागे ओढा. अंगठा क्षणभर उचलून बघा, तरीही कॉर्ड थोडीफार वाजली पाहिजे.

तिसरं, गिटारचा दोष तुमच्या माथी येत नाहीये ना, ते तपासा. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असेल तर पहिल्या फ्रेटवर लावा आणि हीच बार कॉर्ड त्याच्या पुढच्या फ्रेटवर धरा. अचानक लोण्यासारखी बसली तर नट उंच आहे. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून नटच्या खाचा थोड्या घासून घ्या. स्वतः कानस घेऊन बसू नका, खाच एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो.

आणि तोवर? तोवर छोटी एफ वाजवा. फक्त खालच्या चार तारा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी आणि पहिली मिळून पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर. तेही जड जात असेल तर पहिली तार मोकळी सोडा. तिला एफ मेजर सेव्हन म्हणतात, आणि कित्येक गाण्यांत ती साध्या एफपेक्षा गोड लागते. जिमी हेंड्रिक्स तर सहावी तार अंगठा वरून वळवून धरायचा. बार टाळण्याचे मार्ग मोठमोठ्यांनी शोधलेत, तुम्हाला लाजायचं कारण नाही.

सोलोबद्दल थोडी वाईट बातमी. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या शेवटी एक गिटार नाही, दोन आहेत, डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या. आधी दोघे आळीपाळीने वाजवतात आणि अखेरीला एकमेकांच्या सुरांवर सूर रचत एकत्र उतरतात. तो अखेरचा भाग एकट्याने वाजवला तर त्यात नेहमीच काहीतरी कमी वाटणार. तुम्ही घरी बसून जे 'बरोबर येत नाही' म्हणताय त्यातलं निम्मं कदाचित दुसरा माणूस नसल्यामुळे आहे. तेव्हा सुरुवातीची दोन वाक्यं घ्या, तेवढीच. त्यांत वेगापेक्षा महत्त्वाचं आहे ते तार ताणणं, बेंडिंग. बहुतेक हौशी वादक तार ताणतात आणि सूर पोहोचला की नाही हे ऐकतच नाहीत. तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट वाजवा, सूर कानात धरा, मग सातव्या फ्रेटवरची तार ताणून तोच सूर गाठा. तिसऱ्या बोटाने ताणताना पहिलं आणि दुसरंही मागे टेकूला लावा, आणि बोटं न ढकलता मनगट फिरवा. कुलपात किल्ली फिरवतो तसं. हे रोज पाच मिनिटं केलंत तर महिन्याभरात तुमचा एकच सूर ऐकणाऱ्याला थांबवेल. वेगाने वाजवलेले बेसूर चाळीस सूर कुणी ऐकत नाही. मी वाजवून पाहिलेत.

वेग वाढवायचा सर्वमान्य उपाय म्हणजे ठेका देणारा मेट्रोनोम ६० वर लावायचा आणि दोन-दोनने वाढवत न्यायचा. मला तो अपुरा वाटतो. संथ वाजवताना हाताच्या मोठमोठ्या हालचाली खपून जातात आणि वेग वाढला की त्याच आडव्या येतात. म्हणून दोन्ही करा. सूर आणि बोटं ठरवायला संथ, आणि त्यानंतर फक्त चार सूर मूळ वेगात. चार वाजवा, थांबा, हात सैल सोडा, पुन्हा चार. ते जमले की पुढचे चार, आणि मग दोन्ही चौकड्यांचा सांधा.

ट्रेमोलो सध्या खोडून टाका. फ्रान्सिस्को तारेगा यांची ती रचना नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची आहे. अंगठा खालचे सूर वाजवतो आणि अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर ओळीने पडत राहतात, इतक्या समान की कानाला तीन बोटं जाणवतच नाहीत. ती समानता यायला वर्षं लागतात, आणि तुमच्या उजव्या हाताचा अंगठा अजून बोटांपासून सुटा झालेला नाही. सुटा झाला की पुन्हा लिहा.

तो सुटा कसा करायचा ते मात्र आत्ता सांगते, कारण तुमच्या यादीतली फिंगरस्टाइलची, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडायची, सगळी गाणी त्याच्यावर उभी आहेत. मर्ल ट्रॅव्हिस या वादकाच्या नावावरून ज्याला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात त्याचा पाया एवढाच आहे: अंगठा घड्याळासारखा दोन जाड तारांवर आलटून पालटून पडत राहतो, काहीही झालं तरी. ट्रॅव्हिस स्वतः बहुतेक सगळं अंगठा आणि तर्जनी या दोघांवर भागवायचा. सी कॉर्ड धरा, अंगठ्याने पाचवी-चौथी, पाचवी-चौथी चालू करा आणि कुणाशी तरी गप्पा मारा. बोलताना अंगठा थांबला तर तो अजून तुमच्या लक्षावर चालतोय. गप्पा आणि अंगठा एकत्र चालायला लागले की मगच वर एक सूर ठेवा, आधी अंगठ्याच्या बरोबर पडणारा, नंतर दोन ठोक्यांच्या मध्ये पडणारा. गिटारवादक माउरो जुलियानी यांनी १८१२ मध्ये उजव्या हातासाठी १२० अभ्यास छापले, त्यांत डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्ड आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच त्यांनी ओळखलं होतं की एका वेळी एकाच हाताला छळावं. त्यातले पहिले दहा घ्या, पुष्कळ झाले.

आता मित्रांचं 'वाजव की'. इथे तुम्हाला १४ मधलं काहीच कामाचं नाही. एक वेगळं गाणं निवडा, इतकं सोपं की वहीत लिहायलाही लाज वाटावी. तीन कॉर्ड, एकही बार नको, आणि तुम्हाला शब्द पाठ असलेलं. ते शेवटून शिका: आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची, असं मागे मागे येत. म्हणजे वाजवताना दर क्षणी तुम्ही जास्त ओळखीच्या प्रदेशात जात राहाल. हल्ली होतं त्याच्या बरोबर उलट. वाजवताना नियम एकच, उजवा हात थांबणार नाही. डावा हात वेळेवर पोहोचला नाही तर मोकळ्या तारा वाजू द्या. मुरलेले वादकही कॉर्ड बदलताना शेवटच्या वरच्या फटक्याला डावा हात उचलतात आणि मोकळ्या तारा वाजतात, आपल्याला कळतही नाही. लय तुटली की मात्र खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी आपण फक्त चुका ऐकतो.

अर्ध्या तासाचं म्हणाल तर त्याचे सारखे सहा तुकडे करू नका, त्यात बोटं गरम होईतो वेळ संपतो. आठवडाभर एकच अडलेली जागा घ्या आणि पहिली पंधरा मिनिटं तिलाच द्या, ताजं डोकं असताना. पाच मिनिटं अंगठा किंवा बेंडिंग. उरलेल्या वेळात ते लाजिरवाणं सोपं गाणं, पूर्ण, न थांबता. बाकी यादीला पुढचे दोन महिने हात लावायचा नाही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' हे आपल्या लोकांनी गिटारवाल्यांसाठीच लिहून ठेवलंय की काय, असं मला कधी कधी वाटतं.

वयाचं उत्तर थोडक्यात. ४४ व्या वर्षी बोटांना नवी सवय लागायला पोराटोरांपेक्षा जास्त दिवस लागतील, पण तुम्हाला कोणत्याही परीक्षेला बसायचं नाही. एक खबरदारी घ्या: बोटांची टोकं दुखणं ठीक आहे, तिथे घट्टे पडतात आणि दुखणं जातं. मनगटात, कोपरात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार पेटीत. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर डॉक्टर. बार कॉर्डच्या हट्टापायी मनगट धरून बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

दोन महिन्यांनी वहीतल्या त्या 'पेंड खाण्याच्या' जागा मला लिहून पाठवा. गाण्यांची नावं नकोत, फक्त जागा.

ता. क. तुम्ही अगदी शेवटी अभिमानाने लिहिलंय की तीन वर्षांत एकही तार तुटली नाही. म्हणजे एकदाही बदललेली नाही! अहो, फ्रेटच्या जागी त्यांना खड्डे पडले असतील, जाड तारांच्या वेढ्यांत तीन वर्षांचा मळ बसला असेल, आणि वर गेलात की सूर जुळत नसणार. वर लिहिलेलं सगळं राहू द्या. आधी हलक्या गेजचा, म्हणजे पातळ तारांचा, संच आणून तारा बदला आणि मग एफ धरून बघा.